बिलकीसची छटी

"एकेकानं आत जा, आणि बाळाला कुणी उचलू नका," एवढंच ती नर्स म्हणाली. तिचं काही चुकलं नव्हतं. रत्नागिरीतल्या त्या प्रसूतिगृहात ती दिवसातून वीसदा हेच वाक्य म्हणत असणार, आणि वीसही वेळा आमच्यासारख्या बायका ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून देत असणार. माझ्या भावाची लेक झोया आत होती, तिला मुलगा झाला होता. मी चप्पल काढून दारात उभी होते. हातात शिऱ्याचा डबा, एक पाय आत, एक पाय बाहेर. त्या वाक्यानं माझा आतला पाय आपोआप बाहेर आला. माझ्याबरोबरच्या पाचही जणी नर्सला न जुमानता खोलीत घुसल्या आणि मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. "तू नाय येत?" भाभीनं मान बाहेर काढून विचारलं. "होऊ दे तुमचं," मी म्हटलं. तिनं पुन्हा आग्रह केला नाही. आग्रह न करण्याचीही लोकांची एक पद्धत असते, आणि दोन हजार आठ साल उजाडेपर्यंत मला ती चांगली पाठ झाली होती. आतून हसण्याचे आवाज येत होते, कुणीतरी "नाक बापाचां घेतलान" म्हणत होतं. डबा मांडीवर गरम लागत होता आणि मला नऊ वर्षांपूर्वीच्या लोबानाचा वास येत होता, त्या फिनाईलनं पुसलेल्या व्हरांड्यात.

ती जोडी आमच्याकडे आली अठ्ठ्याण्णवच्या थंडीत. रत्नागिरीच्या थंडीला थंडी म्हणायचं तर आपलं म्हणायचं. अझीम, माझा नवरा, तेव्हा मालवाहू जहाजावर खानसामा होता. जहाजावरच्या कुणा परदेशी इंजिनिअरनं ही फेरेट, मुंगसासारखी विलायती जनावरं, पाळली होती. तो आजारी पडून मायदेशी गेला आणि जोडी अझीमच्या भटारखान्याच्या दारात राहिली. ती बंदरातून कशी बाहेर काढली, कुणाला काय सांगितलं, हे मी विचारलं नाही. जहाजी माणसाच्या बायकोनं काही गोष्टी विचारायच्या नसतात. राजिवड्यातल्या आमच्या चिऱ्याच्या घरात त्यानं वेताची टोपली उघडली तेव्हा आतून दोन लांबुडकी अंगं बाहेर ओघळली, मुंगसाहून लांब, मांजराहून बारीक, आणि मादीच्या डोळ्यांवर आडवा काळा पट्टा. "ही तर नकाब घालूनच आली," माझी सासू म्हणाली. तिला सगळा मोहल्ला हमिदा म्हणायचा, मी अम्मी. तिनंच नावं ठेवली. नराचं कप्तान, मादीचं बिलकीस. मोहल्ल्यानं मात्र नावांच्या भानगडीत न पडता त्यांना 'अझीमची जहाजी मुंगसं' करून टाकलं. खाडीपलीकडून धुणीभांड्यांना येणारी हौसा तर रोज दारातून आधी त्यांचं दर्शन घ्यायची. "मुंगूस दिसणां चांगलां असता," ती म्हणायची, आणि मग नाकाला पदर लावायची, कारण वास होताच. ओलं गोणपाट आणि बोकड यांच्या मधला कुठलासा. आठ दिवसांत आमच्या नाकांना तो कळेनासा झाला आणि पाहुण्यांना मात्र आमच्या कपड्यांतून येऊ लागला.

काय दिवस होते ते! दुपारी जेवणं झाली की अम्मी ओटीवर लवंडायची आणि ही दोघं मोकळी सुटायची. आनंद झाला की ती सरळ धावत नसत, पाठीची कमान करून आडवी आडवी उड्या मारत, भिंतीवर आपटत, पुन्हा उठून नाचत. अम्मी हसून हसून खोकायची. एकदा तिची तसबीह, जपाची माळ, हरवली. दोन दिवस घर उलटंपालटं केलं, हौसावर संशय घेऊन झाला, तिनं रुसून एक दिवस खाडाही केला, आणि मग तांदळाच्या पिंपामागे सगळा खजिना सापडला: तसबीह, माझी एक चप्पल, शेवग्याची शेंग आणि अझीमचा दाढीचा ब्रश. अम्मीनं तसबीह तीनदा धुतली आणि बिलकीसला म्हणाली, "मेल्ये, नमाज तरी पढायचीस." शेजारच्या रुकय्याखालाची कोंबडी कप्ताननं मारली तेव्हा मात्र हसण्यावारी गेलं नाही. तिच्या ओरडण्यानं गल्ली गोळा झाली. अम्मीनं तिला दोन कोंबड्या देऊ केल्या, तिनं त्या घेतल्या आणि तरीही बोलणं सोडलं नाही. रुकय्याखाला तोंडाची तिखट, पण अडल्यानडल्याला धावणारी होती. तिच्याशी भांडण टिकवणं कुणालाच जमायचं नाही.

जानेवारीत अझीम पुन्हा जहाजावर गेला. जाताना त्यानं मला काही सांगितलं नाही, फक्त टोपलीकडे बघून "बघशील ना?" म्हणाला. मला ते बरं वाटलं. कारण तोपर्यंत माझी दोन गेली होती. एक तिसऱ्या महिन्यात, एक चौथा लागता लागता. दोन्ही वेळा अझीम समुद्रावर होता. दोन्ही वेळा अम्मीनं मला आंघोळ घातली, काढा दिला, चादरी स्वतः धुतल्या, आणि एक शब्द बोलली नाही. बोलायचं काम मोहल्ल्यानं केलं, तेही फार सभ्यपणे. रुकय्याखालाची लेक माहेरी बाळंत झाली तेव्हा मी बघायला गेले, तर मला ओटीवर खुर्ची दिली, सरबत दिलं, कौतुकानं चौकशी केली, आणि आतल्या खोलीचा पडदा ओढून घेतला. जिची पोरं राहत नाहीत तिची सावली बाळंतिणीवर पडू नये, हे मला लहानपणापासून माहीत होतं. माझ्या आईनंही माझ्या एका मावशीला अशीच खुर्ची दिलेली मी पाहिली होती. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं. सरबत पिऊन मी घरी आले आणि बिलकीसला मांडीवर घेऊन बसले. तिला कुणी सावलीचं काही शिकवलेलं नव्हतं. ती माझ्या बाहीत डोकं घालून झोपली आणि मी रडले. कुणी बघायला नव्हतं म्हणून मनसोक्त रडले.

मार्चमध्ये सगळं बिघडलं. कप्तान एकाएकी भूत झाला. वास चौपट, अंग तेलकट, जेवणावर लक्ष नाही. बिलकीसही मागून सुजली. आणि एका सकाळी त्यानं तिची मानगूट दातांत धरली आणि तिला पोत्यासारखी फरफटत नेऊ लागला. ती किंचाळत होती. असं किंचाळणं मी जनावराचं कधी ऐकलं नव्हतं. अम्मी झाडू घेऊन धावली. "मारतोय तो तिला! सोड, मुडद्या!" आम्ही पाणी ओतलं, झाडूनं हाणलं, आणि दोघांना वेगळं करून दोन खोल्यांत दोन पिंजऱ्यांत ठेवलं. अम्मीनं बिलकीसच्या मानेला हळद लावली. आम्हाला वाटलं, आम्ही तिला वाचवलं. पुढचे तीन आठवडे ती आमच्या डोळ्यांदेखत वाळत गेली. शेपटीचे केस गळाले, हिरड्या पांढऱ्या पडल्या, आवाज दिला तरी मान उचलेना. सूज मात्र उतरत नव्हती. गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, तिला उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "बाई, म्हशीचं विचारलं असतंत तर सांगितलं असतं." माणूस प्रामाणिक होता. दुसरा कुणी असता तर सुई टोचून मोकळा झाला असता.

आमच्याकडे तेव्हा फोन नवाच बसला होता. अझीमचा फोन कुठल्याशा बंदरातून यायचा, मध्येच समुद्राचा खरखराट. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं तिथल्या जनावरांच्या डॉक्टरला गाठून विचारलं आणि दुसऱ्या दिवशी उलट फोन केला. त्यानं जे सांगितलं ते अम्मीला कसं सांगावं हे मला कळेना. सासूसमोर माज, नर असले शब्द मी कधी उच्चारले नव्हते. शेवटी कोळंबी सोलता सोलता, मान वर न करता मी बोलले. "अम्मी, ही जात अशी आहे म्हणे. मादी माजावर आली की नराकडे जाईपर्यंत माज उतरत नाही. अंगातलं रक्त आटत जातं. मरते. आणि तो ओढत होता ते मारत नव्हता, त्यांची रीतच तशी." अम्मीचा हात थांबला. "नर नाय मिळाला तर मरतां? या अल्लाह, ही कसली जात बनवलीस!" मग तिनं माझ्याकडे असं बघितलं की माझे कान तापले. "आणि तुझा घोव नऊ म्हयने जहाजावर. तू बरी हायस ना गो?" आम्ही दोघी इतक्या हसलो की कोळंबीची सालं माशांच्या भांड्यात पडली. सासू-सून म्हणून लग्नानंतर आम्ही पहिल्यांदाच अशा हसलो असू.

मग बिलकीसला कप्तानकडे सोडलं. सोडायलाच हवं होतं. दार लावून आम्ही ओटीवर बसलो आणि आतून ते किंचाळणं सुरू झालं. अम्मीनं मोठ्यानं दरूद म्हणायला घेतला, आवाज झाकायला. मला आत धावत जावंसं वाटत होतं. जगवायचं म्हणून तिला या किंचाळण्यात ढकललं होतं आणि आता पोटात पिल्लं राहिली की तिला दुसरी भीती. अझीम दर फोनला एकेक सांगायचा: एकच पिल्लू असलं तर कळा येत नाहीत, दोघंही जातात, आचळाला गाठ येते, उकाडा सोसत नाही, भोवळ येऊन मरतात, कुत्र्याचा आजार लागला तर औषध नाही, घाबरली तर आई आपलीच पिल्लं खाते. हे शेवटचं ऐकून मी त्याला म्हटलं, "तुम्ही जहाजावर बसून मला इथे कशाला मारताय?" तो हसला. "महरीन, तुझ्यावर सोडलंय ना," म्हणाला. खरखराटात ते फार लांबून आलं. मला हिशेब कळत होता. बिलकीसला काही झालं, तर मोहल्ल्यात कुणी उकाड्याला बोल लावणार नव्हतं. महरीनच्या हाताखाली जनावरदेखील फळलं नाही, हेच होणार होतं. मी कुणापाशी बोलले नाही, पण त्या उन्हाळ्यात मी स्वतःसाठीसुद्धा इतकी दुआ मागितली नव्हती.

रत्नागिरीचा एप्रिल संपत आला होता, हवा अंगाला चिकटत होती. मी पिंजऱ्यावर ओलं गोणपाट टाकायची, ते वाळलं की पुन्हा भिजवायची. मिरकरवाड्याच्या कारखान्यातून होड्यांसाठी बर्फ निघायचा, त्यातला एक तुकडा दादू नावाचा हातगाडीवाला रोज आमच्याकडे टाकायचा. अम्मी बिलकीसला कच्चं अंडं भरवायची. मेथीचा लाडूही पुढे करून पाहिला तिनं. बिलकीसनं तो हुंगून पायानं लोटला. "नखरे बघ," अम्मी म्हणायची, आणि तिच्या फुगलेल्या पोटाला दोन बोटं लावायची. त्या बोटांकडे मला बघवायचं नाही. एका दुपारी बिलकीसनं माझ्या जुन्या ओढणीचं घरटं केलं आणि सात पिल्लं घातली. मी शेजारी बसून होते. बोटाच्या पेराएवढी, आंधळी, बहिरी, अंगावर पांढरी लव. तिनं एकेकाला चाटून पोटाशी ओढलं आणि मग माझा अंगठा चाटला. अझीमनं फोनवर बजावलं: दहा-बारा दिवस कुणी जवळ फिरकायचं नाही, उचलायचं नाही, फक्त महरीन पाणी-खाणं ठेवेल, तिचा वास ओळखीचा आहे. ते वाक्य मी नंतर कितीदा तरी मनात म्हटलं. बाळंतिणीच्या खोलीत फक्त महरीन जाईल. आयुष्यात मला कुणी इतकी मोठी पदवी दिली नव्हती. ते पाच दिवस मी जमिनीवर चालत नव्हते.

सहाव्या दिवशी सकाळी अम्मीनं दूध आटवायला ठेवलं होतं, रवा काढला होता. "आज दादू येणार नाय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "हारबरला जाऊन तूच बर्फ आण. मोठा बगून आण." मी गेले. भुशात आणि पोत्यात गुंडाळलेला बर्फ घेऊन परत निघाले तर वाटेत समोरून दादूच गाडी ढकलत आला. "भाभी, तुम्ही कशाला आलात उन्हाची? तुमच्या सासूनं मला काल सांगितलान, उद्या येव नको." त्यानं बर्फ गाडीवर ठेवायला हात पुढे केला. मी नको म्हटलं. सहावा दिवस. छटी. आमच्यात बाळाच्या सहाव्या दिवशी बायका जमतात, लोबान फिरवतात, काजळ लावतात, गोड करतात. आमच्या घरात अझीमनंतर छटी झाली नव्हती. म्हातारीची हौस माझ्यानं तर पुरी झाली नव्हती. ती जनावरावर भागवून घेणार होती, आणि त्या वेळी मी घरात असायला नको होते. खुर्ची आणि सरबत द्यायलासुद्धा नाही. मला अम्मीचा राग आला नाही, राग येण्याच्या पलीकडचं काहीतरी झालं. मोहल्ला मानतो ते ठीक, पण तीही मानते, चादरी धुताना मानत होती, हसताना मानत होती. पोत्यातून पाणी गळून माझ्या पायांवर पडत होतं. त्या पिल्लांजवळ माणसं जमणार हे मला कळत होतं, धावायला हवं होतं हेही कळत होतं, आणि माझे पाय निघत नव्हते.

दारात चपलांचा ढीग होता. आत लोबानाचा धूर, आणि बोलणं नाही. इतक्या बायका आणि बोलणं नाही, तेव्हाच मला कळलं. शेगडी पिंजऱ्याच्या तोंडाशी होती. पिल्लं हातोहात फिरली होती, प्रत्येकाच्या कपाळाला काजळाची तीट लागली होती, आणि सगळ्यांच्या हातांचे, अत्तराचे, धुराचे वास घेऊन ती घरट्यात परत ठेवली होती. बिलकीसनं त्यांना हुंगलं आणि तिला तिची पोरं ओळखू आली नाहीत. "खाल्लान गो," रुकय्याखाला तोंडावर हात ठेवून म्हणाली, "आईनंच खाल्लान." एक पिल्लू तेवढं शेगडीच्या बाजूला लोटलेलं होतं. ते मी उचललं. तेव्हा रुकय्याखाला हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "घरातच सावली असल्यावर काय होयल दुसरां?" मी अम्मीकडे बघितलं नाही. अम्मी शेगडीजवळ बसली होती, ती तशीच म्हणाली, "ती घरात नव्हती, रुकय्या. हीच सावली नको म्हणून मी तिला बर्फाला घालवलंय. मीच. आता सांग, कुणाची पडली?" बायका एकेक करून उठल्या. शिरा चुलीवरच राहिला.

"आत्ते! तू बाहेर काय करतंस?" झोयाचा आवाज आला, आणि मी डब्यासकट उभी राहिले. पाच जणींना नर्सनं शेवटी दटावून बाहेर काढलं होतं. खोलीत झोया एकटी होती, चेहरा सुजलेला आणि खुश. भाभी माझ्या मागोमाग दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. "धर ह्याला," झोया म्हणाली. मी नर्सचं वाक्य सांगितलं. "तू धर गो," ती म्हणाली, "हात दुखतायत माझे." आजकालच्या पोरींना काही माहीत नसतं, किंवा माहीत असतं आणि त्या ते बाजूला ठेवतात, तिच्याकडे बघून मला कळलं नाही. अम्मीला जाऊन दोन वर्षं झाली होती. अझीम जहाज सोडून घरी आला होता. बिलकीसला त्यानं मुंबईच्या एका डॉक्टरकडे नेऊन पुन्हा माज येणार नाही असं करून आणलं होतं, ती आणखी चार वर्षं आमच्या ओटीवर नाचली. मला त्यानंतर काही राहिलं नाही. बाळ माझ्या हातांत आलं, गरम, आखडलेलं, दुधाचा वास असलेलं. त्याचं वजन हातात भरलं आणि मला ते दुसरं आठवलं, ज्याला वजन असं नव्हतंच.

त्या उरलेल्या पिल्लाला मी पोलक्यात छातीशी ठेवलं होतं, कापसाच्या वातीनं दूध पाजत होते. कपाळावरची तीट मी पुसली नाही, पुसताना कातडी निघेल असं वाटत होतं. अम्मी शेजारी बसून वात भिजवून देत होती. दुसऱ्या दिवशी दुपार कलली, असरच्या अजानच्या सुमाराला ते हालेनासं झालं. मी तरी वात त्याच्या तोंडाशी धरून होते. अम्मीनं माझा हात खाली केला. मग ती उठली, कपाटातून मलमलीचा पांढरा तुकडा फाडून आणला, त्यात त्याला गुंडाळलं आणि कोयती घेऊन मागीलदारी निघाली. मी मागून गेले. आमचं मागीलदार म्हणजे सगळा कातळच, कोयती कुठेही मारली तर खणकन वाजते. मी विहिरीजवळच्या मातीकडे बोट दाखवलं. "तिथं नको," अम्मी म्हणाली आणि बिमलीच्या झाडाखाली गेली. तिथली माती मऊ होती, भुसभुशीत, कुणीतरी रोज ओली ठेवल्यासारखी. तिनं खड्डा खणला, गुंडाळी ठेवली, माती लोटली, आणि हात न झटकता तशीच उकिडवी बसून राहिली.

"तुझी पण हितंच हायत," ती म्हणाली. "दोघां. मीच ठेवलंय. फजरची नमाज झाली की पानी घालतंय." मग तळव्यानं माती सारखी करत, "तू कधी इचारलंस नाय. मी समजले, तुला नको हाय."

मला विचारायचंच होतं. दोन वर्षं मला तेवढंच विचारायचं होतं, आणि घरातल्या कुणाला विचारावं हे कळत नव्हतं. मी तिच्या शेजारी खाली बसले.

"पहिलं कुठलं?" मी विचारलं.

अम्मीनं माझं बोट धरलं आणि मातीवर टेकवलं.